नटावरची लाल रेघ

मी पडले तेव्हा मांडा माझ्या हातांवर होता.

लग्नघराच्या मागच्या अंगणात चुली पेटल्या होत्या, प्रत्येक चुलीवर पालथं खापर, आणि आम्ही बाया ओळीनं उभ्या होतो. खापरावरचा मांडा पोळपाटावर लाटत नाहीत. पुरण भरलेला उंडा तळहातांवर घ्यायचा आणि झुलवत, फिरवत हातांवरच मोठा करायचा. तो आधी मनगटापर्यंत येतो, मग कोपरापर्यंत, आणि शेवटी दोन्ही हात लांब केले की ओल्या पंचासारखा हातांवर लोंबतो. तेवढ्यात तो खापरावर टाकायचा असतो, उशीर झाला की फाटतो. कोणीतरी फरशीवर तेल सांडून वरवर पुसलं होतं. माझा पाय सटकला.

शहाणी बाई असती तर तिनं मांडा सोडून भिंत धरली असती. मी आधी मांडा टाकला आणि मग पडले. मांडा बरोबर खापरावर बसला, एक सुरकुती नाही. मी फरशीवर, उजव्या हातावर, आणि कोपर पाठीमागे निघून आलेलं. शेजारच्या चुलीवर माझी चुलत जाऊ इंदू होती, ती माझा हात बघून मटकन खालीच बसली. मी तिला म्हणाले, "बसतेस काय व, मांडा काढ, करपेल."

हे वाक्य आमच्या भावकीत अजून सांगतात. पुढचं कोणी सांगत नाही, कारण पुढचं आम्हा चौघांनाच माहीत आहे.

जळगावच्या दवाखान्यात डॉक्टर वाघुळदेंनी कोपर जागेवर बसवलं. हात जरा सरळ केला की ते पुन्हा निघायचं. फोटोत दिसलं की हाडांचे दोन टवके उडालेत आणि सांधा धरून ठेवणारे पट्टे फाटलेत. ऑपरेशन झालं, टवके जोडले, पट्टे शिवले, तरी टेबलावरच कोपर पुन्हा सरकलं. मी शुद्धीवर आले तेव्हा माझ्या दंडाच्या हाडात दोन सळ्या होत्या, कोपराखालच्या हाडात दोन, बाहेरून त्यांना जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या, आणि कोपराच्या बरोबर बाजूला, हाताच्या बाहेर, एक बिजागरी. आमच्या ह्यांनी ते बघितलं आणि पाणी मागितलं.

डॉक्टर तरुण होते आणि गोड बोलणं त्यांना जमत नसे. ते म्हणाले, "प्लास्टर घातलं तर कोपर निघणार नाही, पण कायमचं जखडेल. मोकळं सोडलं तर निघेल. म्हणून ही बिजागरी. तुमचं कोपर ज्या रेषेवर वळतं, त्याच रेषेवर ती बसवलीय. हात वळेल, सांधा जागा सोडणार नाही. पण वळवायचा तुम्ही. उद्यापासून."

ह्यांनी विचारलं, दुखेल ना? डॉक्टर म्हणाले, दुखणारच. मला तो माणूस आवडला.

मी त्यांना विचारलं की मांडे करता येतील का. हात किती सरळ लागतो ते मी डाव्या हातानं करून दाखवलं. ते म्हणाले, "एवढ्या सरळ हाताचा शब्द मी देत नाही. पण हलवला नाहीत, तर घाससुद्धा तोंडापर्यंत जाणार नाही, याचा शब्द देतो."

बिजागरीवर एक नट होता. तो आवळला की बिजागरी बंद, सैल केला की चालू. डॉक्टरांनी तो आपल्या हातानं सैल करून दिला आणि त्याला आता कोणी हात लावायचा नाही असं बजावलं.

मला एवढी घाई कशाची होती तेही सांगते. आखाजी जवळ येत होती. अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं घागर भरायची आणि मांडे न् आमरसाचा नैवेद्य दाखवायचा. दोन वर्षांपूर्वी माझ्या सासूबाई, माई, गेल्या होत्या. मांडा मला त्यांनी शिकवला, हातावर चापट्या मारमारून. इंदूला शिकवायला गेल्या आणि आठवड्यात हात टेकले. शेवटच्या दुखण्यात अंथरुणावरून मला म्हणाल्या होत्या, "माझ्या घागरीपुढे इंदूचा मांडा ठेवशील तर मी उठून जाईन." ह्या घरात माझी म्हणून एकच गोष्ट होती, ती हा मांडा. घर सासऱ्यांचं, शेत ह्यांचं, मांडा माझा. तो मी सोडणार नव्हते.

घरी आले तर दारात इंदू ताट घेऊन उभी. आमच्याकडे नवीन ट्रॅक्टर आला की हळदीकुंकू लावतात, मोटार आली की लावतात, शिलाईमशीनला लावतात. इंदूनं मला ओवाळलं आणि हातावरच्या त्या सांगाड्यालाही कुंकू लावलं. म्हणाली, लोखंड घरात आलंय, तसंच कसं घेऊ? मग भेटायला येणारी प्रत्येक बाई बाहेरच्या पट्टीवर बोट टेकवून जायची. सळ्या जिथं कातडीत शिरल्या होत्या ती जागा तेवढी मी कोणाला शिवू दिली नाही. बाकी लावा म्हटलं, काय लावायचं ते.

सगळ्यांचा सल्ला एकच होता, हाताला आराम दे. मोडलेलं हाड हलवायचं नसतं हे शेंबड्या पोरालाही कळतं, म्हणे. मी सगळ्यांना चहा पाजला आणि ऐकलं कोणाचंच नाही.

नाना, म्हणजे माझे सासरे, काही बोलले नाहीत. ते रेल्वेत फिटर होते. जन्म नट आवळण्यात गेला, आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी घरातले नट आवळायला घेतले. पंखा, झोपाळा, विहिरीवरची मोटार, कुकरची मूठसुद्धा. आवळून झालं की काडीनं लाल ऑइलपेंटची एक बारीक रेघ नटावरून खालच्या पट्टीपर्यंत ओढायचे. नट आपोआप ढिला झाला तर रेघ तुटते आणि लांबूनही कळतं. त्या रेघेचा अर्थ घरात सगळ्यांना पाठ होता, हे नानांनी बघितलंय, आता कोणी हात लावू नका. माझी बिजागरी त्यांनी चष्मा लावून बघितली, बोटानं हलवून बघितली. एवढंच म्हणाले, "खेळ आहे व ह्यात, ढिलं हलतंय." मी म्हटलं, असायलाच पाहिजे, नाना.

रोज सकाळी मी नानांचं जुनं धोतर गरम पाण्यात भिजवून घ्यायची, दोन्ही हातांवर मांड्यासारखं टाकायची, आणि उजवा हात उघडायला लागायची. मुकाट्यानं सोसणाऱ्या बायकांची मला भारी चीड आहे. दुखलं की मी ओरडायची. पोटातून, मोकळा गळा काढून, डॉक्टरच्या नावानं, फरशी पुसणारीच्या नावानं. मी सुरू झाले की नाना चपला घालून मारोतीच्या पारावर जाऊन बसायचे. पण हात चालला होता. आधी नुसता थरथरायचा, मग जरा उघडायला लागला, जरा मिटायला लागला. एक दिवस उजव्या हातानं कपाळाला कुंकू लावलं. घास अजून वाकून घ्यावा लागत होता, पण घेत होते. त्या दिवशी मी दोन घास जास्त खाल्ले.

आणि मग हात बंद पडला. दुपारी गोळी घेऊन झोपले होते. लाइट गेलेली, नाना उशाशी बसून विंझणवारा घालत होते, एवढं आठवतं. उठून हात उघडायला गेले तर उघडेना. मिटेनाही. काटकोनात जो थांबला तो थांबला. मी जोर लावला की सळ्यांपाशी कळ यायची आणि बिजागरी जागची हलायची नाही. नाना म्हणाले, सूज आली असेल, दोन दिवस राहू दे.

डॉक्टर म्हणाले होते, हलवला नाहीत तर जखडेल. मी तर हलवत होते. तरी जखडला होता. ह्यांनी दवाखान्यात फोन केला. डॉक्टर परगावी गेलेले, सोमवारी या, तोवर जोर करू नका असा निरोप मिळाला. मी जोर केला. सळ्यांभोवतीची कातडी लाल झाली आणि मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. भेटायला येणाऱ्यांचे चेहरे मात्र खुलले. सांगितलं होतं, ऐकत नाही, भोग आता, असं तोंडानं कोणी म्हणालं नाही, पण चहा पिताना दिसत होतं. एका संध्याकाळी हे परस्पर इंदूकडे गेले आणि आखाजीचे मांडे तिला सांगून आले. मला जेवताना कळलं. मी ताट सरकवलं.

रविवारी सकाळी इंदू आली. बिचारी स्वतःच रडवेली होती. "माझे फाटतात, तुले माहीत आहे. माई मले वरून शिव्या घालतील," म्हणाली. मग म्हणाली, उद्या डॉक्टरकडे जायचंय, हे सगळं कुंकू बघून ते काय म्हणतील, पुसून देते. तिनं ओलं फडकं घेतलं आणि पट्ट्या पुसायला लागली. हळद निघाली, कुंकू निघालं, पट्ट्या चकचकीत झाल्या. नटावर मात्र एक बारीक लाल रेघ राहिली. तिनं पुन्हा पुसली. नखानं खरवडली.

"हे निघत नाही व," ती म्हणाली.

मी हात डोळ्यांजवळ आणला. एवढ्या बोटांच्या ठशांत ती रेघ मला कुंकवाचीच वाटली होती. कुंकू पाण्यानं निघतं. मी मान वर केली. पंख्याच्या नटावर तशीच रेघ होती, तेवढीच बारीक, तेवढीच सरळ.

इंदूला काही कळायच्या आत मी उठले.

नाना अंगणात फवारणीचा पंप उघडून बसले होते. समोर नट फिरवायचे पाने मांडलेले. मी त्यांच्यासमोरच्या स्टुलावर हात ठेवला.

"नाना, हे तुम्ही आवळलं."

ते खोटं बोलणाऱ्यांतले नव्हते. "हाव," म्हणाले.

"कायले?"

"खेळ होता त्यात."

"नाना."

त्यांनी पंप खाली ठेवला आणि फडक्याला हात पुसले. मग माझ्याकडे न बघता बोलले. "रोज सकाळी बोंबलतेस. पारापर्यंत ऐकू येतं. माईच्या बोंबा ऐकल्या मी, शेवटाले. उशाशी बसून ऐकल्या. काही करता आलं नाही मले. इथं निदान एक नट होता."

मला त्यांची कीव आली आणि तेवढाच संताप आला. कीव गिळता आली, संताप गिळता आला नाही.

"माई मरत होत्या, नाना. मी मरत नाही. माझं दुखणं बरं होण्याचं आहे, ते तुम्ही बंद करून ठेवलं. पाच दिवस मी बंद कुलपाला धडका मारते आहे आणि तुम्ही बघता आहात. उघडा."

आवाज ऐकून हे बाहेर आले. आता रविवारचा दिवस राहू दे, उद्या डॉक्टर काय म्हणतात बघू, म्हणाले. मी त्यांना सांगितलं, "आखाजीचं इंदूला सांगून आलात तेव्हा मले विचारलं नाही. आता मी तुम्हाले विचारत नाही." ते जिथं होते तिथंच थांबले.

नानांनी बिजागरी हातानं झाकून धरली होती, जणू मी ती हिसकावून घेणार होते. "निसटलं तर? पुन्हा मागं निघालं तर?"

"निसटू नये म्हणून तर ही आहे. तुम्ही एवढी इंजिनं दुरुस्त केली. ती चालायले सोडली की शेडमध्ये बांधून ठेवली?"

बिजागरीवरची त्यांची बोटं सैल झाली.

"उघडत नसाल तर पाना द्या. मी उघडते डाव्या हातानं. कोणीकडे फिरवायचा ते मले माहीत नाही, फिरेल तिकडे फिरवीन."

बाकी कशानं नाही, पण ह्यानं नाना उठले. नवख्या हातानं नटाच्या कडा झिजवायच्या, हे त्यांच्यासमोर होणं शक्य नव्हतं. त्यांनी पानाही नीट पुसून घेतला. नट फिरला आणि रेघ तुटली, अर्धी नटावर, अर्धी पट्टीवर. आवळण्याआधी तो कुठे होता ते त्यांच्या बोटांना आठवत होतं, तिथं आणून त्यांनी सोडला. मग पाना ठेवला आणि सवयीनं चपलांकडे वळले.

"बसा," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"आज पारावर जायचं नाही. इथंच बसायचं आणि ऐकायचं."

सासऱ्यांशी मी असं कधी बोलले नव्हते, आमच्या घरात कोणीच बोललं नव्हतं. नाना बसले. मी हात उघडायला लागले आणि ओरडले. पाच दिवसांचं सगळं साचलेलं होतं, त्यामुळे पूर्वीपेक्षा जास्त दुखलं आणि पूर्वीपेक्षा जास्त ओरडले. इंदूनं कानांवर हात ठेवले, शेजारचे गच्चीवर आले. नानांनी पंपाची नळी दोन्ही मुठींत आवळून धरली होती आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मी बघत होते, पण थांबले नाही. बिजागरी हलली. बोटभर. मी श्वास घ्यायला थांबले, तेव्हा ते म्हणाले,

"अजून जातंय. मले दिसतंय इथून. अजून."

दुसऱ्या दिवशी ते हट्टानं जळगावला आले आणि डॉक्टरांनी काही विचारायच्या आत म्हणाले, मी आवळला होता. डॉक्टरांनी त्यांना जे ऐकवलं ते त्यांनी खाली मान घालून ऐकलं. मग डॉक्टरांनी मला ऐकवलं, बंद बिजागरीवर जोर लावला म्हणून, सळ्या हाडात ढिल्या झाल्या असत्या तर काय केलं असतं म्हणून. तेही खरंच होतं. फोटो काढला. सांधा जागेवर होता. पण गेलेले दिवस महागात पडणार होते. शेवटचा थोडा वाक आता राहील, हात पूर्ण सरळ होणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. नाना भिंतीकडे बघत होते. मी म्हटलं, बघू.

त्या दिवसापासून धोतर भिजवायचं काम नानांनी घेतलं. सकाळी पिळून स्वतः माझ्या हातांवर टाकायचे, समोर खुर्ची घेऊन बसायचे आणि "अजून" म्हणायचे. कधीकधी मला त्यांचाच राग यायचा, इतके म्हणायचे. चैत्रात सांगाडा निघाला. सळ्यांच्या जागी चार वण राहिले आणि कोपरात थोडा वाक राहिला, डॉक्टर म्हणाले होते तेवढाच.

आखाजीच्या दिवशी अंगणात चूल पेटवली. कणीक इंदूनं तिंबली, ते तिला छान जमतं. नाना झोपाळ्यावर, हे आंबे पिळायला बसलेले. देवघराजवळ माईंच्या नावाची घागर भरून ठेवली होती आणि तिच्यापुढे रिकामं पान. मी उंडा घेतला. मनगटापर्यंत आला, कोपरापर्यंत आला, हात लांब केले. डावा सरळ गेला, उजवा गेला नाही. मांडा उजवीकडे घसरला आणि फाटला. इंदू पुढे आली. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. मी तिला हातानंच मागे केलं.

दुसरा उंडा घेतला. उजवा हात जेवढा उघडतो तेवढाच उघडला, आणि कमी पडलं ते खांदा फिरवून भरून काढलं. चुलीसमोर सगळ्या बाया सरळ उभ्या राहतात, मी तिरकी उभी राहिले. माईंनी बघितलं असतं तर चापट मारली असती. मांडा पसरला, लोंबला, मी तो टाकला. खापरावर बसला. एक बाजू जरा लांब, पण कुठे फाटला नव्हता. तोच घडी घालून माईंच्या पानात ठेवला.

परत चुलीपाशी आले तर नाना तिथं उभे. एका हातात ऑइलपेंटची बाटली, दुसऱ्या हातात काडी, काडीच्या टोकाला लाल थेंब. माझ्या कोपराकडे बघत होते. विचारताना त्यांचा आवाज पोराचा झाला होता.

"झालं ना व हे पक्कं? करू खूण?"

मी हात पुढे केला. जेवढा जातो तेवढा सरळ केला, आणि तो वाक त्यांच्या डोळ्यांसमोर धरला.

"नाही," मी म्हटलं. "अजून जायचं आहे."

काडी त्यांच्या हातातून घेतली, चुलीत टाकली, आणि तिसरा उंडा उचलला.